बारा तासांच्या बाई

या बाईंची ओळख करून द्यायची तर आधी फ्रिज उघडावा लागतो. मधल्या फळीवर, दह्याच्या पातेल्यापासून अंतर राखून, एका छोट्या डब्यात त्यांचं बिऱ्हाड असतं. उंची बोटभर, अंगावर कागदाचा पट्टा, डोक्याला रबराचं बूच आणि त्याभोवती पत्र्याची कडी. नाव इन्सुलिन. घरात आजोबांना मधुमेह असेल तर बाईंचं येणं कुणाला नवं वाटत नाही. पण इथे त्या आल्यात कुत्र्यासाठी, नाहीतर मांजरासाठी, आणि पाहुणे डोळे मोठे करून विचारतात, ‘‘अगंबाई, यांनाही डायबिटीस होतो?’’ होतो. आणि बाईंचं कुत्र्यांशी असलेलं नातं माणसांशी असलेल्या नात्याहून जुनं आहे. ते पुढे येईलच.

राहण्याच्या बाबतीत बाई अतिशय चोखंदळ. २ ते ८ अंश सेल्सिअस, एवढीच हवा त्यांना मानवते. फ्रीजरमध्ये एक रात्र राहिल्या की कायमच्या बिघडल्या. वितळल्यावर दिसायला पहिल्यासारख्याच दिसल्या तरी वापरायच्या नाहीत. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकून ठेवलं तरी थंडी बाधते. दारात ठेवलं तर दिवसभराच्या उघडझापीने हैराण. आणि ऊन तर अजिबात सोसत नाही. नागपूरच्या मे महिन्यात वीज गेली की घरातल्या माणसांआधी बाईंची सोय बघावी लागते. जुनी माणसं ओलं फडकं गुंडाळलेल्या मातीच्या भांड्यात त्यांना बसवतात, आणि अडीअडचणीला ते चालतंही. प्रवासात थर्मास असतो, पण बर्फाला अंग लागता कामा नये, मध्ये नॅपकिनची घडी हवी.

त्यांचा एक स्वभाव मात्र लक्षात ठेवावा असा. बिघडल्या तरी त्या तोंडावर दाखवतीलच असं नाही. कुत्रा पुन्हा घटाघटा पाणी प्यायला लागला, साखर चढू लागली, म्हणजे समजायचं, की बाईंची तब्येत बघण्याची वेळ झाली.

त्यांना घरी बोलावणं धाडतं ते पाण्याचं भांडं. सकाळी भरलेलं दुपारी रिकामं. ज्या कुत्र्याने सात वर्षांत कधी घरात शी-शू केली नाही, तो रात्री दोनदा दाराशी उभा राहतो, आणि तिसऱ्या वेळी त्याला धरवत नाही. गॅलरीत लघवी झाली तर तिथे मुंग्या लागतात. खाणं वाढलेलं, आणि तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागलेला. घरचे म्हणतात, वय झालं. वय नव्हे. जेवणातली साखर रक्तात येते, पण रक्तातून स्नायूंत आणि चरबीत शिरायला तिला बाईंची परवानगी लागते. बाई नाहीत, म्हणून रक्तात साखरेचा पूर आणि पेशी उपाशी. यकृताला वाटतं घरात दाणा नाही, म्हणून ते आणखी साखर तयार करून रक्तात सोडत राहतं. मग शरीर आपलीच चरबी जाळू लागतं, त्यातून कीटोन साठतात, उलट्या सुरू होतात, जनावर मान टाकतं. तिथवर गोष्ट गेली तर दवाखान्यात सलाइन लावून, अगदी जिवावरचं दुखणं म्हणून उपचार करावे लागतात. भांडं लवकर रिकामं होतंय हे ज्याने वेळेवर पाहिलं, त्याने अर्धं काम केलं.

आता नात्याची गोष्ट. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिंकोवस्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं. पचनाचं काय होतं ते त्यांना बघायचं होतं. कुत्रा वारंवार लघवी करू लागला. मिंकोवस्कीने ती तपासली, तर तिच्यात साखर. मधुमेहाचं मूळ स्वादुपिंडात आहे हे असं एका कुत्र्याने दाखवून दिलं. पुढे १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट याच वाटेने निघाले. स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना ते स्वादुपिंडाचाच अर्क टोचत आणि साखर उतरते का ते बघत. त्यांतली मार्जोरी नावाची कुत्री त्या अर्कावर सत्तरएक दिवस जगली. बाईंचं पहिलं घर ते. जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड टॉम्प्सन हा चौदा वर्षांचा मुलगा इन्सुलिन टोचलेला पहिला माणूस ठरला; ११ तारखेचा अर्क अशुद्ध निघाला, त्यांचा सहकारी जेम्स कॉलिप याने शुद्ध केलेला २३ तारखेला दिला आणि साखर उतरली. १९२३चं नोबेल बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झालं ते मॅक्लाउड यांना मिळालं. बँटिंगचा वाढदिवस, १४ नोव्हेंबर, जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात. मार्जोरीचा दिवस कुणी पाळत नाही. तेव्हा आज एखादा माणूस आपल्या म्हाताऱ्या कुत्रीला सकाळ-संध्याकाळ सुई टोचतो त्यात लाड नाहीत. जुनं देणं आहे ते, आणि फेडायला आपण उशीरच केला आहे.

बाईंचं गोत्रही मोठं मजेदार. कुत्र्याच्या अंगात तयार होणारं इन्सुलिन आणि डुकराचं इन्सुलिन तंतोतंत एक. माणसाच्या इन्सुलिनपेक्षा त्यात एकाच अमिनो आम्लाचा फरक. मांजराची जवळीक गाईशी, तिथेही फरक एकाच दाण्याचा. कुत्र्या-मांजरांसाठी खास बनवलेलं कॅनिन्सुलिन नावाचं जे औषध जगात चालतं ते डुकराचं असतं. १९८२ साली जिवाणूंकडून बनवून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं, त्याआधी साठ वर्षं माणसंही गाई-डुकरांच्याच इन्सुलिनवर जगत होती. आपल्याकडे पुष्कळ डॉक्टर माणसांच्या औषधांच्या दुकानात मिळणारं इन्सुलिनच प्राण्यांना लिहून देतात, आणि बाई तिथेही परकेपणा दाखवत नाहीत.

त्यांच्या पोशाखाच्या मात्र तऱ्हा आहेत. एनपीएच नावाची बाटली दुधाळ; उभी राहिली की दूध खाली बसतं आणि वर पाणी तरंगतं. ती दोन तळव्यांत हलक्या हाताने फिरवायची, फेस होऊ द्यायचा नाही. कॅनिन्सुलिनला उलट चांगलं हलवून घ्या असं कंपनीच सांगते. ग्लार्जिन नावाचं इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ. त्यात गढूळपणा दिसला की ती बाटली बाद. आपल्या घरी कोणती बाई आली आहे ते एकदा डॉक्टरांकडून नीट समजून घ्यावं आणि शेजाऱ्यांच्या बाईंचे रिवाज आपल्या बाईंना लावू नयेत.

मोजमापाच्या बाबतीत त्या चुलत्याचीही गय करणार नाहीत. इन्सुलिन सहसा दोन ताकदींत येतं: एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, नाहीतर १०० युनिट. आपल्याकडे चाळीसच्या सिरिंजला लाल टोपी असते, शंभरच्या सिरिंजला नारिंगी. शंभरची बाटली आणि लाल टोपीची सिरिंज अशी जोडी चुकून जमली, तर दहाच्या रेघेपर्यंत ओढलेलं औषध दहा युनिट नसतं, पंचवीस असतं. अडीचपट. पाच किलोच्या मांजरावर ही चूक जिवावर बेतते. दुकानदाराने सिरिंजचं पाकीट पुढे केलं की बाटलीवरचा आकडा आणि पाकिटावरचा आकडा शेजारी-शेजारी धरून वाचावा, मागे रांग खोळंबली तरी.

आणि वेळ! बाई बारा तासांच्या. सकाळी सातला आल्या तर संध्याकाळी सातला पुन्हा येणार. कुत्रा असो वा मांजर, बहुतेकांना दिवसातून दोनदा लागतं. अर्धा तास इकडेतिकडे झाला तर त्या काही बोलत नाहीत. पण आधी ताट, मग टोचणं, हा क्रम शक्यतो मोडायचा नाही. कुत्र्याने दोन वेळचं जेवण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापाने खावं आणि मधल्या वेळात घरातल्या सगळ्यांनी हात आवरावा. इथे खरी परीक्षा असते ती आजीची. बशीतलं मारी बिस्कीट खाली टाकल्याशिवाय ज्या आजीचा चहा पुरा होत नाही, तिला सांगायचं कसं? डोंबिवलीतल्या एका घरात नातवाने युक्ती काढली. बिस्किटाऐवजी उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा, तोही जेवणातूनच बाजूला काढलेला. आजीचा हातही रिकामा राहिला नाही आणि बाईंचाही हिशेब चुकला नाही.

दिवाळीत बाईंची कसोटी लागते. खाली फटाक्यांची माळ सुटते, कुत्रा पलंगाखाली थरथरत बसतो आणि ताटाकडे बघत नाही. अशा वेळी ‘वेळ झाली’ म्हणून पूर्ण डोस टोचणं धोक्याचं. डॉक्टरांना फोन करायचा. ते डोस कमी करायला सांगतात किंवा थांबायला. ही आणीबाणीची पद्धत आधीच विचारून कागदावर लिहून फ्रिजच्या दारावर लावलेली बरी. तसंच, सकाळी आईने टोचलं की बाबांनी, असा गोंधळ झाला तर दुसऱ्यांदा टोचायचं नाही. एक वेळ चुकल्याने साखर थोडी चढते. दोनदा टोचल्याने मात्र जनावर कोसळू शकतं. फ्रिजशेजारच्या कॅलेंडरवर टोचणाऱ्याने खूण करायची, एवढ्यावर कित्येक घरं बिनघोर चालली आहेत.

लोक भितात ते सुईला. आणि इथे बाईंचा सर्वांत मोठा मोठेपणा दिसतो, त्यांचं येणं जवळजवळ कळतच नाही. सुई केसासारखी बारीक. कुत्रा ताटात तोंड घालून खात असतो. डाव्या हाताच्या अंगठ्याने आणि तर्जनीने त्याच्या कुशीवरची कातडी वर उचलायची, मधल्या बोटाने तिच्या पायथ्याशी किंचित दाबायचं, म्हणजे एक छोटा खळगा तयार होतो. सुई त्या खळग्यात, पाठीला समांतर. दांडी दाबायची, क्षणभर थांबायचं, बाहेर. हात फिरवून बघायचं, केस ओले लागले तर औषध बाहेर सांडलं. तरी पुन्हा टोचायचं नाही. मानेच्या सैल कातडीतच रोज टोचण्याची अनेकांना सवय असते, पण एकाच जागी टोचत राहिलं की ती कातडी निबर होते आणि औषध नीट शोषलं जात नाही. म्हणून आज डावी कूस, उद्या उजवी. पहिल्या आठवड्यात टोचणाऱ्याचे हात कापतात. कुत्रा खातच असतो. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाकून, झाकण लावून दवाखान्यात द्यायच्या. कचरा वेचणाऱ्या बायकांच्या हातांचाही विचार करायला हवा.

बाईंचा राग एकच, पण तो खरा. त्या गरजेपेक्षा जास्त झाल्या, किंवा आल्या आणि ताट रिकामं झालंच नव्हतं, की साखर खाली पडते. कुत्रा झिंगल्यासारखा चालतो, भिंतीला धडकतो, थरथरतो, मांजर कोपऱ्यात जाऊन एकटक बघत बसतं. वेळीच लक्ष गेलं नाही तर झटके येतात. शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर लगेच खायला घालायचं. नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं दाट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं. झटका येत असेल तर दातांच्या मध्ये बोट घालायचं नाही, आणि तोंडात पातळ काही ओतायचं तर मुळीच नाही, ते श्वासनलिकेत जातं. मग तडक दवाखाना. मधाची बाटली बाईंच्या डब्याशेजारीच असावी. ज्या घरात बाई आहेत त्या घरात मध संपता कामा नये.

कुत्र्याच्या घरी बाई बहुधा कायमच्या राहायला येतात. त्याच्या स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी तोवर जवळजवळ संपलेल्या असतात, त्यामुळे माणसांच्या मधुमेहाच्या गोळ्या त्याला उपयोगी पडत नाहीत. नसबंदी न केलेल्या कुत्रीच्या बाबतीत बाईंची एक जादा अट असते. माज येऊन गेल्यावरच्या काळात प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि ते बाईंना कामच करू देत नाही, म्हणून डॉक्टर लवकर शस्त्रक्रिया सुचवतात. स्टिरॉइडची गोळी, दातांतला पू, लघवीचा संसर्ग, हीही बाईंच्या कामात खोडा घालणारी मंडळी. साखर हटत नसेल तर डोस वाढवत सुटण्याआधी ही मंडळी घरात कुठे लपली आहेत का ते शोधावं.

एक गोष्ट बाईंच्या हातात नेहमी नसते. बहुतेक मधुमेही कुत्र्यांना वर्षभरात मोतीबिंदू होतो, कधीकधी दोन-चार दिवसांत डोळे निळसर-पांढरे होतात. त्याचं ऑपरेशन होऊ शकतं. ज्यांना जमत नाही त्यांच्या घरी सोफा, टीपॉय, पाण्याचं भांडं यांच्या जागा हलवू नयेत. कुत्रा नाकाने आणि सवयीने घर वाचतो, आणि दोन आठवड्यांत असा फिरू लागतो की पाहुण्यांना पत्ता लागत नाही. मांजराचे डोळे सहसा वाचतात, त्याचे मागचे पाय मात्र खचतात. टाच जमिनीला टेकवून ते चालू लागतं. साखर ताब्यात आली की पुष्कळ मांजरं हळूहळू पुन्हा बोटांवर उभी राहतात, आणि ज्या दिवशी ती पहिल्यांदा ओट्यावर उडी मारतात त्या दिवशी त्यांना कुणी रागावत नाही.

मांजराचा हिशेब निराळाच. त्याचा मधुमेह बहुधा लठ्ठपणातून येतो: घरात कोंडलेला, नसबंदी झालेला बोका, दिवसभर पुढ्यात कोरड्या खाद्याची वाटी. इन्सुलिन करणाऱ्या पेशी थकलेल्या असतात, मेलेल्या नसतात. लवकर इन्सुलिन सुरू केलं आणि पिष्टमय खाणं कमी केलं, तर काही महिन्यांत कित्येक मांजरांना इन्सुलिनची गरजच उरत नाही. पण हे ओळखायचं कसं? मांजर दवाखान्यात खोटं बोलतं. टेबलावर ठेवलं, पलीकडे कुत्रा भुंकला, की भीतीनेच त्याची साखर चढते. परळला बैलघोडा हॉस्पिटलच्या बाकांवर टोपलीत बसून गुरगुरणारं मांजर बघितलं की त्या आकड्यावर किती विश्वास ठेवायचा ते समजतं. म्हणून घरी मोजणं बरं. कानाच्या कडेला उबदार फडकं धरायचं, मागे कापसाची घडी लावायची, आणि कडेच्या शिरेजवळ टिचकीएवढं टोचायचं. रक्ताचा थेंब खसखशीएवढा आला तरी पुरतो. दर दोन तासांनी, बारा तास. माणसांचं यंत्र प्राण्यांची साखर बहुधा कमी दाखवतं, त्यामुळे कोणतं यंत्र वापरताय ते डॉक्टरांना सांगायचं. हल्ली मानेवर चिकटवायचे सेन्सरही काही डॉक्टर लावतात. आणि मागच्या दोन-तीन आठवड्यांची खबर हवी असेल तर फ्रुक्टोसामीन नावाची रक्ततपासणी आहे, ती घाबरलेल्या मांजरालाही फसत नाही.

मांजरांच्या बाबतीत बाईंना आता प्रतिस्पर्धीही आले आहेत. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिनच्या गोळीला आणि २०२३मध्ये व्हेलाग्लिफ्लोझिन या तोंडातून द्यायच्या द्रवाला मंजुरी मिळाली. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढून टाकतात. पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, बाकी धडधाकट मांजरांसाठीच, आणि कीटोनचा धोका त्यांतही असतो. कुत्र्यांसाठी ती नाहीत.

खर्चाचं बोलायचं तर बाईंनी काटकसरी घराची एक पंचाईत करून ठेवली आहे. मांजराला साधारण एका युनिटपासून सुरुवात होते, दिवसाला दोन युनिट. चाळीसच्या १० मिलिलिटरच्या बाटलीत ४०० युनिट असतात. उघडल्यापासून कंपनीने दिलेली मुदत अनेक बाटल्यांची २८ दिवस, कॅनिन्सुलिनची ४२. म्हणजे २८ दिवसांत संपतात ५६ युनिट आणि बाटली जवळजवळ भरलेलीच. काही डॉक्टर फ्रिजमध्ये नीट ठेवलेली बाटली जास्त दिवस वापरू देतात, काहींना ते पटत नाही. त्यांना विचारावं, छोटी कार्ट्रिज किंवा पेन परवडतं का ते बघावं. पण उघडल्याची तारीख पट्ट्यावर पेनाने लिहायची, आणि डॉक्टरांनी घालून दिलेली मुदत संपली की बाटलीत कितीही उरलेलं असो, मन घट्ट करून नवी आणायची.